सभ्य चोर आणि हसणारा साहेब

चोराचे नाव ऐकताच भल्या माणसाच्या कपाळास आठी पडते. रात्री निजण्यापूर्वी दाराचे कुलूप दोनदा ओढून पाहणारा हाच गृहस्थ नाटकास किंवा चित्रपटास जातो. तेथे चोर भिंतीस भोक पाडू लागला, की ‘आता हा सापडतो की काय’ या काळजीने त्याचेच काळीज धडधडू लागते, आणि चोर निसटला तर तो मोकळेपणाने हसतो. देवळाच्या सभामंडपात लोणी चोरणाऱ्या बाळकृष्णाचे आख्यान लागले की वृद्ध स्त्रीपुरुषही हसतात, आणि त्या हसण्याने कोणाची भक्ती उणी होत नाही. मग चोरास पाहून आलेले कोणते हसू निर्मळ आणि कोणते मलिन? ही नुसती तर्काची करमणूक नव्हे. मुलांनी काय पाहावे आणि काय पाहू नये, हा प्रश्न ज्या ज्या घरात निघतो त्या त्या घरात तो निघतो. त्याचे उत्तर शोधण्यास दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दहा-बारा वर्षांत इंग्लंडात निघालेले काही विनोदी चित्रपट फार उपयोगी पडतात. त्यांत चोर आहेत, खुनी आहेत, ठग आहेत. आणि तरीही ते पाहून उठणारा प्रेक्षक उठताना अधिक वाईट झालेला नसतो.

कॅम्पातला साहेब

बेळगावच्या वाचकांस ‘कॅम्प’ म्हणजे काय हे सांगावयास नको. १८१८ साली टॉमस मन्रोच्या फौजेने बेळगावचा किल्ला घेतला, आणि पुढे किल्ल्यापलीकडच्या मोकळ्या जागेत गोऱ्या फौजेची छावणी वसली. सरळ आखलेले रस्ते, कौलारू बंगले, गिरजाघरे, १८५६ साली निघालेली सेंट पॉल्स शाळा, असे एक निराळेच गाव मूळ गावाशेजारी उभे राहिले. १९२२ पासून मराठा पलटणीचे शिक्षणकेंद्र येथे आले. आज तेथे ‘मिलिटरी महादेव’ या नावानेच ओळखले जाणारे शंकराचे देऊळ आहे. लष्कर आणि महादेव हे दोन शब्द एका नावात इतक्या सहजपणे नांदावेत, हे कॅम्पासच साधते. शेजारी शहापूर हे सांगली संस्थानचे. अशा या मुलखात आपल्यापैकी कित्येकांच्या घरात कोंकणी, रंगभूमीवर मराठी, बाजारात कानडी आणि कॅम्पात इंग्रजी, असा चार भाषांचा संसार पिढ्यान् पिढ्या चालत आला.

या कॅम्पातला साहेब गावाने पाहिला तो घोड्यावर, कवायतीच्या मैदानावर किंवा बंगल्याच्या फाटकाआड. तो हसत असेल तर आपसांत हसत असेल. त्याचा मोलकरी घरी गेल्यावर साहेबाची नक्कल करून घरच्यांना हसवीत असेलही. परंतु साहेब स्वतःलाच हसतो, हे दृश्य गावाच्या वाट्यास आले नाही. ते आले पडद्यावर. कॅम्पातील ग्लोब चित्रपटगृहाचे नाव निघाले, की जुन्या पिढीस प्रथम इंग्रजी चित्रपटांचीच आठवण होते. आणि पडद्यावर जो इंग्रज दिसू लागला, तो पुष्कळदा भाड्याच्या खोलीत राहणारा कारकून, दाढी खाजविणारा हवालदार, पोपट पाळणारी म्हातारी, असा होता. राज्य गेल्यानंतरचा साहेब मोठा मजेशीर निघाला!

शर्विलकाचे जानवे

तथापि चोरास विनोदाचा विषय करण्याचा मान इंग्रजांचा नव्हे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तला तिसरा अंक आठवावा. शर्विलक हा ब्राह्मण चोर चारुदत्ताच्या घरास खिंड पाडावयास येतो. चोरांचा देव जो कार्तिकेय, त्यास तो नमन करतो. खिंडीचे निरनिराळे आकार शास्त्रोक्त रीतीने आठवतो. माप घेण्याची दोरी विसरली म्हणून खांद्यावरचे जानवेच मापास वापरतो, आणि जानव्याचे उपयोग किती, याचा पाढाही वाचतो. आत शिरून पाहतो तो घरात दारिद्र्य! शेवटी झोपेत बरळणारा विदूषक मैत्रेय दागिन्यांचे गाठोडे आपल्या हाताने त्याच्या स्वाधीन करतो. शर्विलकाचा हेतूही ऐकण्यासारखा आहे: त्याला आपल्या प्रिय मदनिकेस दास्यातून सोडवावयाचे आहे.

गुन्ह्यावरील विनोदाची सगळी सामग्री या एका प्रवेशात आहे. चोर आपल्या धंद्याविषयी अतिशय गंभीर आहे. तो विद्वान आहे, नियम पाळणारा आहे. योजना परिपूर्ण आहे. आणि ती यशस्वी होते ती योजनेमुळे नव्हे, तर एका झोपाळू माणसाच्या बावळेपणामुळे. शेवटी चोरलेला माल फिरून मूळ ठिकाणीच जातो. हे नाटक मराठीत आणले गोविंद बल्लाळ देवल यांनी. देवलांचे शिक्षण बेळगावास झाले, आणि बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर येथे १८४३ साली जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांचा सहवास त्यांना याच गावी घडला. म्हणजे सभ्य चोराची ओळख या मुलखास इंग्रजी बोलपटापूर्वी कितीतरी आधी झालेली होती.

ईलिंगचे कारागीर

लंडनच्या पश्चिमेस ईलिंग नावाचे एक उपनगर आहे. तेथील चित्रपटसंस्थेचा कारभार १९३८ पासून मायकेल बाल्कन यांच्याकडे होता. संस्था लहान, भांडवल बेताचे, लेखक आणि दिग्दर्शक पगारी आणि एकमेकांच्या ओळखीचे. युद्ध संपले होते. लंडनात बॉम्बने पाडलेल्या इमारतींचे ढिगारे तसेच पडले होते. विजय मिळवूनही अन्नाचे रेशन चालूच होते आणि ते पुरते उठावयास १९५४ साल उजाडले. त्याच काळात आपल्याकडेही धान्याच्या दुकानापुढे रांगा होत्या, म्हणून या कंटाळ्याची आणि चिडीची कल्पना आपणांस सहज करता येते. कायदे पाळून पाळून दमलेल्या त्या समाजाच्या मनात, एकदा तरी कायदा मोडून पाहावा, अशी बालिश इच्छा उठली असल्यास नवल नाही. ती इच्छा प्रत्यक्षात आणण्याऐवजी ईलिंगने ती पडद्यावर पुरविली.

१९४७ सालच्या ‘ह्यू अँड क्राय’ या चित्रपटात त्याच ढिगाऱ्यांत खेळणारी मुले चोरांची टोळी पकडतात. १९४९ साली ‘व्हिस्की गॅलोर’ निघाला. एका बेटाजवळ मद्याने भरलेले जहाज फुटते आणि सारे गाव सरकारी अंमलदाराचा डोळा चुकवून तो माल लपविते. १९४१ साली एरिस्के बेटाजवळ प्रत्यक्ष फुटलेल्या जहाजाची हकीकत तिच्या मुळाशी होती. त्याच वर्षीचा रॉबर्ट हॅमर दिग्दर्शित ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ हा मात्र धारदार. आईला उमराव घराण्याने टाकून दिले, याचा सूड म्हणून लुई नावाचा तरुण वारसाहक्काच्या आड येणाऱ्या नातलगांना एकामागून एक यमसदनी धाडतो. डेनिस प्राइसने हा खुनी इतक्या अदबीने रंगविला आहे, की तो खुनाची कथा सांगत असताना चहाचा आग्रह करीत आहे असे वाटावे. त्या उमराव घराण्यातील आठ व्यक्ती, धर्मोपदेशक, सेनापती, आरमारी अधिकारी आणि एक बाईसुद्धा, एकट्या अॅलेक गिनेस या नटाने वठविल्या.

त्या चित्रपटाचा शेवट पाहण्यासारखा आहे. जे खून केले त्यांसाठी नव्हे, तर न केलेल्या खुनासाठी लुई तुरुंगात पडतो, सुटतो, आणि दाराबाहेर आल्यावर त्यास आठवते, की आपला संपूर्ण कबुलीजबाब कोठडीतच राहिला. इंग्रज दिग्दर्शक तेथेच थांबला. अमेरिकेत मात्र नीतिनियमांची संहिता होती. गुन्हेगार सुटला असा संशयही प्रेक्षकास येता कामा नये. म्हणून तेथील प्रतीत कबुलीजबाब अधिकाऱ्यांच्या हाती पडल्याचे दाखवावे लागले. दोन्ही शेवटांत न्याय एकच आहे. परंतु एकात तो प्रेक्षकाच्या बुद्धीवर सोपविला आहे आणि दुसऱ्यात बोट धरून दाखविला आहे. आपल्या कीर्तनकारांसही हे दोन मार्ग अपरिचित नाहीत.

१९५१ साली चार्ल्स क्रायटन यांचा ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’ आला. वीस वर्षे बँकेचे सोने इमानाने पोहोचविणारा हॉलंड नावाचा एक मुखदुर्बळ कारकून. त्याची गाठ पडते शोभेच्या वस्तू ओतणाऱ्या एका शेजाऱ्याशी. सोन्याच्या विटा लुटावयाच्या, वितळवून त्यांचे पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याचे लहान लहान ठसे करावयाचे आणि शिशाच्या खेळण्यांत मिसळून देशाबाहेर पाठवावयाचे, अशी ही मसलत. सारे यथासांग पार पडते. आणि नेमके ते सोन्याचे सहा मनोरे शाळेतल्या मुलींना खेळणी म्हणून विकले जातात! लेखक टी. ई. बी. क्लार्क युद्धकाळात राखीव पोलिस शिपाई होते. सोने कसे चोरावे याची चौकशी त्यांनी खुद्द बँक ऑफ इंग्लंडकडेच केली आणि बँकेनेही सल्ला दिला, अशी हकीकत सांगतात. या कथेबद्दल क्लार्क यांस अमेरिकेतील ऑस्कर पारितोषिक मिळाले. हॉलंडची भूमिका गिनेसचीच. त्याचा चेहरा असा, की त्यावर काहीच लिहिलेले नसावे. आणि म्हणूनच त्यावर हवे ते लिहिता यावे. आपल्या कचेऱ्यांतून असे हॉलंड आपण नित्य पाहतो. त्यांच्या मनात काय चालले आहे, हे त्यांच्या साहेबास ठाऊक नसते.

या मालिकेचा कळस म्हणजे अलेक्झांडर मॅकेन्ड्रिक यांचा १९५५ सालचा ‘द लेडीकिलर्स’. आगगाडीच्या स्थानकाजवळ एका खचलेल्या घरात श्रीमती विल्बरफोर्स ही विधवा वृद्धा राहते. पाच दरोडेखोर तिची खोली भाड्याने घेतात. आपण तंतुवाद्ये वाजविणारी मंडळी आहोत अशी बतावणी करतात. खोलीत ग्रामोफोनवर तबकडी लावतात आणि दार लावून दरोड्याचा बेत करतात. लुटलेल्या पैशाची पेटीही ते तिच्याच हातून स्थानकावरून आणवितात. आजीबाईस सत्य कळते तेव्हा ती घाबरत नाही. लहान मुलांस रागवावे तसे त्यांस रागावते. तिचा खून कोणी करावा यासाठी काड्या काढल्या जातात. परंतु ते काम एकाच्याही हातून होत नाही, आणि पाचही जण एकमेकांच्या हातून किंवा दैवगतीने नाहीसे होतात. म्हातारी पोलिसांस पैसे परत करावयास जाते तेव्हा तिच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. पैसे तुम्हीच ठेवा, असे तिला सांगण्यात येते. ही कथा आपणांस स्वप्नात सुचली, असे लेखक विल्यम रोझ यांचे म्हणणे होते. वृद्धेचे काम करणाऱ्या केटी जॉन्सन त्या वेळी पंचाहत्तरी ओलांडलेल्या होत्या. त्यांस ब्रिटिश चित्रपट अकादमीचे पारितोषिक मिळाले. १९५५ सालीच ईलिंगचा स्टुडिओ बीबीसीस विकला गेला.

नगरचा बाळ, पुण्याची शाळा

आता कॅम्पाकडे परत येऊ. इंग्रजी विनोदाचा कायापालट करणाऱ्या एका नटलेखकाचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, झाला, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. त्याचे नाव स्पाइक मिलिगन. वडील फौजेत; बाळपण पुण्याच्या छावणीत आणि पुढे रंगूनास गेले. इंग्लंडास गेला तेव्हा हा मुलगा तेथे परकाच होता. बीबीसीवर १९५१ ते १९६० पर्यंत चाललेला ‘गून शो’ हा नभोवाणीचा कार्यक्रम मुख्यतः त्याने लिहिला. सैन्यातील अधिकाऱ्यांचा पोकळ डौल, अर्थशून्य हुकूम, गंभीर चेहऱ्याने चाललेला मूर्खपणा ही त्या कार्यक्रमाची शिदोरी होती. छावणीत वाढलेल्या मुलाच्या डोळ्यांस हे सर्व लहानपणापासून दिसत आले असणार.

१९५६ साली मिलिगन आणि पीटर सेलर्स यांनी ‘द केस ऑफ द मकिनीज बॅटलहॉर्न’ हा सुमारे अर्ध्या तासाचा चित्रपट केला. संग्रहालयातून एक प्राचीन रणशिंग चोरीस जाते आणि स्कॉटलंड यार्डचे अधिकारी त्याचा तपास करतात, इतकीच कथा. चोरीपेक्षा तपासच अधिक हास्यास्पद, ही येथली नवी गोष्ट. ईलिंगचा विनोद चोराच्या सभ्यपणावर उभा होता. मिलिगनचा विनोद कायद्याच्या गांभीर्यासच गुदगुल्या करतो. सेलर्सने पुढे ‘टू-वे स्ट्रेच’ (१९६०) मध्ये तुरुंगातून बाहेर येऊन चोरी करून पुन्हा तुरुंगात परतणारा कैदी आणि ‘अ शॉट इन द डार्क’ (१९६४) मध्ये स्वतःच्या पायात पाय अडकवून पडणारा फ्रेंच पोलिस अधिकारी क्लूझो रंगविला, तो याच वळणाचा.

मुखवट्यांची दुसरी बाजू

या नटांचे मोठेपण मुखवटे बदलण्यात होते, आणि त्यांची मर्यादाही तेथेच दिसते. सेलर्स युद्धकाळात विमानदलाच्या करमणूक पथकातून हिंदुस्थानात येऊन गेला होता. पुढे ‘द मिलियनेअरेस’ (१९६०) आणि ‘द पार्टी’ (१९६८) या चित्रपटांत त्याने तोंडास रंग लावून भारतीय माणसे उभी केली. त्यांतील कौशल्य नाकारता येत नाही. परंतु हसू येता येता कोठेतरी टोचते. साहेब स्वतःस हसत होता तोपर्यंत आपणही त्याच्यासह हसलो. तो आपल्या उच्चारांस हसू लागला, तेव्हा आपण प्रेक्षक राहिलो नाही, विषय झालो.

अॅलेक गिनेसनेही १९८४ सालच्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ या चित्रपटात प्राध्यापक नारायण गोडबोले ही भूमिका केली. फॉर्स्टरच्या १९२४ सालच्या कादंबरीतला हा दक्षिणी ब्राह्मण. फॉर्स्टर मराठ्यांच्या देवास संस्थानात राहिला होता आणि गोकुळाष्टमीचा उत्सव त्याने तेथे जवळून पाहिला होता. कादंबरीच्या अखेरच्या भागातील जन्मोत्सव त्यातूनच आला. आठ इंग्रज उमराव ज्याने लीलया वठविले, त्यास हा एक गोडबोले मात्र पुरता साधला नाही. पगडी बांधता येते, भक्ती बांधता येत नाही. विनोदी नटास जी माणसे आपल्या घरची म्हणून ठाऊक असतात, त्यांचेच सोंग तो प्रेमाने आणू शकतो, असे यावरून दिसते.

आपल्या घरचे ठग

म्हणून इंग्रजी कथा आपल्याकडे आली तेव्हा तिने आपला वेष घेतला, हे योग्यच झाले. १९६० सालच्या ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’ या चित्रपटात अॅलिस्टर सिम हा मोठा नट भोळ्या तरुणांस लबाडी शिकविणाऱ्या शाळेचा चालक होता. त्यावर आधारलेला बासू चटर्जींचा ‘छोटी सी बात’ १९७६ साली आला. येथे तो शिक्षक झाला खंडाळ्यास राहणारा निवृत्त कर्नल, आणि शिष्य झाला मुंबईच्या बसच्या रांगेतला अमोल पालेकर. इंग्रजी शाळाचालकाच्या जागी आपल्या लेखकास कॅम्पातलाच माणूस आठवला, यात नवल ते कसले?

मराठी पडद्यावर हा वारसा चालविणाऱ्या नटांत अशोक सराफ यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे घराणे मूळ बेळगावचे. जन्म मुंबईचा, १९४७ सालचा. रंगभूमीवरील दिग्दर्शक गोपीनाथ सावकार हे त्यांचे मामा. त्यांचा विवाह गोव्यास श्रीमंगेशीच्या देवळात झाला, ही गोष्ट आपल्या वाचकांस आपुलकीची वाटेल. ‘ययाति आणि देवयानी’ या नाटकात त्यांनी आरंभीच्या काळात केलेली भूमिका विदूषकाची होती. म्हणजे मैत्रेयाच्या पंक्तीतूनच ते आले. १९७५ सालच्या दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’ मध्ये त्यांनी सखाराम हवालदार उभा केला. १९८७ सालच्या ‘गंमत जंमत’ मध्ये सराफ आणि सचिन हे दोघे गरजू मित्र एका श्रीमंत मुलीस, म्हणजे गोव्याच्या वर्षा उसगावकर यांस, पळवून नेतात, आणि पळविणारेच पेचात सापडतात. २००९ सालच्या ‘एक डाव धोबीपछाड’ मध्ये त्यांनी सभ्य होऊ पाहणारा गुंड रंगविला. सभ्य माणसाने चोर होण्यापेक्षा चोराने सभ्य होणे किती कठीण, हे त्यात हसत हसत सांगितले आहे. २०२५ साली त्यांस पद्मश्री मिळाली.

कोणते हसू निर्मळ?

भरतमुनींनी हास्याचे सहा प्रकार सांगितले: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीचे, मधले दोन मध्यम प्रकृतीचे, शेवटचे दोन अधम प्रकृतीचे. ईलिंगचे चित्रपट बहुधा पहिल्या दोन पायऱ्यांवर राहतात. कोंडके यांचा चित्रपट शेवटच्या पायरीपर्यंत बिनदिक्कत उतरतो आणि ग्रामीण प्रेक्षकास पोट धरून हसवितो. परंतु पायरी ही निर्मळतेची खूण नव्हे. ओठातल्या ओठात हसूनही माणूस दुष्टपणे हसू शकतो.

आमच्या मते खूण दुसरीच आहे. जो विनोद लुबाडलेल्या माणसाचे दुःख झाकून ठेवतो, तो मलिन. जो लुबाडणाऱ्याची घमेंड उघडी पाडतो, तो निर्मळ. चारुदत्ताच्या घरी चोरी झाली तेव्हा ठेव गेल्याची लाज त्यास मरणाहून कठीण वाटली, आणि ते शूद्रकाने झाकले नाही. त्याच्या धर्मपत्नीने आपली रत्नमाला पुढे केली, तेही दाखविले. श्रीमती विल्बरफोर्सपुढे पाच दरोडेखोर मान खाली घालून बसतात, कारण तिच्या साध्या विश्वासापुढे त्यांची सारी अक्कल पोरकट ठरते. आठ खून करण्यास निघालेला लुई स्वतःच्याच अक्षरांत अडकतो. या साऱ्या कथांत हसू येते ते गुन्हा गोड वाटतो म्हणून नव्हे. आपण फार हुशार आहोत असे मानणारा माणूस एका झोपाळू विदूषकापुढे, एका शाळकरी मुलीपुढे, एका म्हातारीपुढे हरतो म्हणून येते.

असे हसू मुलांनी पाहावे, त्यांच्या आईबापांनी त्यांच्याशेजारी बसून पाहावे. चोर पकडला जातो की नाही, हे मुलांस पोलिस सांगतील. चोर हास्यास्पद का, हे मात्र त्यांस नाटककाराने आणि नटानेच सांगावयाचे असते. शर्विलकापासून हॉलंडपर्यंत आणि मैत्रेयापासून सखाराम हवालदारापर्यंत ते काम चांगल्या हातांनी झालेले आहे.